कोबीच्या दिवशी डबे उशिरा: एका खानावळीने भाजी चिरायची साधनं कशी निवडली

पुण्यात सदाशिव पेठेत, पेरूगेटपासून चालत पाच मिनिटांवर, माझी नणंद खानावळ चालवते. आसपासच्या वाड्यांतून आणि कॉट बेसिसच्या खोल्यांतून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली राहतात. दुपारचे १८० डबे जातात, रात्रीचे १२०. डब्यात तीन पोळ्या, एक सुकी भाजी, उसळ किंवा रस्सा, भात आणि कोशिंबीर. सकाळी सात ते नऊ पोहे-उपमाही असतो. ताईकडे (नणंदेला मी ताईच म्हणते) मी खरेदी आणि हिशेब बघते, आणि माणूस कमी असेल त्या दिवशी पदर खोचून स्वयंपाकघरात उभी राहते.

गेल्या दिवाळीनंतर दोन गोष्टी एकदम बिघडल्या. दुपारचे डबे सव्वाअकराला निघायला हवेत, कारण अभ्यासिकेतली मुलं बाराच्या आत जेवून पुन्हा जागेवर जाऊन बसतात. कोबी असेल त्या दिवशी डबे पावणेबाराला निघायला लागले. उशीर टाळायचा म्हणून ताईने आधी काय सोडलं, तर कोशिंबीर. आठवड्यातून सहा दिवस असायची ती दोन दिवसांवर आली. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांच्या डब्यात ताजं, कच्चं म्हणावं असं तेवढंच काही असतं. मला ते फार खटकत होतं.

दुसरी गोष्ट मावशींचे गुडघे. चिरायचं काम दोन मावशींकडे आहे. थोरल्या मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या, खानावळ सुरू झाली तेव्हापासूनच्या. विळीवर त्यांचा हात इतका सरावलेला की बोलता बोलता कोबीचा गड्डा संपतो आणि खाली परातीत एकसारखी, केसासारखी रास पडलेली असते. पण डॉक्टरांनी त्यांना जमिनीवर बसायचं पूर्ण बंद करायला सांगितलं. "माझा हात अजून चालतोय वहिनी," त्या मला म्हणाल्या, "गुडघाच खाली बसंना झालाय." घरी बसायची त्यांची तयारी नव्हती आणि ताईचीही त्यांना घरी बसवायची तयारी नव्हती.

"वहिनी, एखादं चिरायचं मशीन बघ ना," ताई म्हणाली. तिथून हे प्रकरण सुरू झालं.

विजेवर चालणारं, वरून भाजी टाकली की खाली तुकडे पडणारं यंत्र आम्ही आधी बघितलं आणि पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवलं. जुन्या वाड्यातलं स्वयंपाकघर, एकाच जुन्या लाइनीवर फ्रिज, मिक्सर आणि मोठा ग्राइंडर. त्यावर आणखी एक मोटर टाकायची म्हणजे वायरिंग बदलणं आलं आणि घरमालकाशी बोलणं आलं. शिवाय ते ठेवायला जागा एकच होती, पोळ्या लाटायच्या टेबलाची. तेव्हा हाताने चालणारंच काहीतरी घ्यायचं ठरलं.

आता हाताने चालणाऱ्या वस्तूंनी तुळशीबाग भरलेली आहे. दाबाचे चॉपर, दोरी ओढायचे चॉपर, सहा पात्यांचे स्लायसर, फिरवायच्या किसण्या. प्रत्येक विक्रेता एक कांदा, एक गाजर कापून दाखवतो आणि ते सुरेखच दिसतं. पण आमच्याकडे एक कांदा चिरायचा नसतो, आठ किलो चिरायचा असतो. म्हणून दुकानात जायच्या आधी मी चार दिवस सकाळी सहाला जाऊन कोपऱ्यात स्टूल टाकून बसले आणि मोबाइलवर वेळ लावून वहीत लिहीत गेले. कुठली भाजी, किती किलो, निवडायला किती वेळ, सोलायला किती, चिरायला किती. मावशींना आधीच सांगितलं की ही तुमची परीक्षा नाही, मला फक्त कळायला हवंय.

त्या वहीने मला चकित केलं. आठ किलो कांद्याला एका माणसाचे ८५ मिनिटं जात होते, आणि त्यातली ४० नुसती सोलण्यात. कुठलाही चॉपर कांदा सोलत नाही. म्हणजे उत्तमातलं उत्तम यंत्र आणलं असतं तरी निम्मं काम तसंच राहिलं असतं. मग आम्ही सोलायची रीत बदलली. आधी शेंडा आणि बूड थोडं काढायचं, कांदा उभा अर्धा करायचा, दहा मिनिटं पाण्यात टाकायचा आणि मग साल ओढायची. पहिला जाड पापुद्रा सालीबरोबर गेला तरी जाऊ द्यायचा. ४० मिनिटांची २५ झाली, एक रुपया खर्च न करता. नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात नवा लाल कांदा असतो, त्याची साल पातळ आणि चिकटून बसणारी. तिथे पाण्याचा उपयोग विशेष जाणवला. मार्चनंतर उन्हाळ कांदा आला, त्याची वाळकी साल हातानेच सुटते, तेव्हा भिजवणं आम्ही सोडूनही दिलं.

बाकीचे आकडे असे. कोबी १८ किलो, विळीवर बारीक चिरायला एका माणसाचे ९५ मिनिटं. काचऱ्यांसाठी बटाटा १२ किलो, चिरायला ५० मिनिटं. काकडी सहा किलो, सोलून आणि चोचवून ४० मिनिटं. भेंडी १५ किलो, पुसून आणि चिरून ११० मिनिटं. गवारीचा हिशेब वेगळा करण्यात अर्थ नव्हता. गवार शिरा काढत हाताने मोडायची असते, तिला पातं लागतच नाही. मेथी-पालकाचा वेळही निवडण्यातच जातो. थोडक्यात, यंत्राने वाचेल असा मोठा वेळ तीनच ठिकाणी होता: कोबी, कांदा आणि बटाटा.

मग मी ताईसमोर बसून एकेक पदार्थ काढला आणि विचारलं, यात फोड कशी हवी? ही चौकशी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण "कांदा चिरून द्या" याला स्वयंपाकघरात एकच अर्थ नसतो. पोह्यांना ताईला बारीक चौकोनी कांदा लागतो, रश्श्याच्या वाटणाला कसाही चालतो कारण तो भाजून मिक्सरमध्येच जायचा, रविवारी संध्याकाळच्या खेकडा भज्यांना मात्र उभा आणि पातळच हवा, नाहीतर त्याला मीठ लागल्यावर जे पाणी सुटून पीठ धरायचं असतं ते नीट होत नाही. काचऱ्या पातळ चकत्यांच्या, सगळ्या एका जाडीच्या. जाडी कमीजास्त झाली की पातळ करपतात आणि जाड कच्च्या राहतात. उसळीतल्या बटाट्याच्या फोडी अर्ध्या इंचाच्या.

आणि काकडी. खमंग काकडीची काकडी किसायची नसते, चोचवायची असते. काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्या तोंडावर जवळजवळ उभे-आडवे घाव घालत जायचं आणि मग वरचा थर आडवा कापून घ्यायचा, की बारीक, टोकदार, कुरकुरीत तुकडे पडतात. किसली की तीच काकडी पाणी सोडते, लगदा होतो, आणि डबा उघडेपर्यंत दाण्याचं कूट त्या पाण्यात भिजून बसलेलं असतं. आम्ही चौकोनी जाळीच्या कटरमधून काकडी काढून बघितली. दिसायला छान, खायला मात्र सॅलड. ताईने चमचाभर चाखली आणि नको म्हणाली. तेव्हाच ठरलं की काकडीवर यंत्र चालवायचं नाही. इतर ठिकाणी वाचलेला वेळ काकडीला द्यायचा.

पहिली खरेदी माझी चुकली. ऑनलाइन एक दाबाचा चॉपर मागवला: खाली पारदर्शक डबा, वर स्टीलच्या पात्यांची चौकोनी जाळी, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण. अर्धा कांदा ठेवायचा आणि झाकण दाबायचं. पहिले दोन दिवस सगळ्या खूश. तिसऱ्या दिवशी झाकणाची बिजागरी तुटली. त्याहून वाईट म्हणजे झाकणाच्या आतले प्लॅस्टिकचे दाते, जे जाळीतून कांदा खाली ढकलतात, त्यातला एक अर्धा गायब होता. तो आदल्या दिवशीच्या पोह्यांत गेला की कचऱ्यात, हे कळायला मार्ग नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही. १८० मुलांच्या ताटात जाणाऱ्या अन्नावर असली वस्तू वापरायची नाही, हे तेव्हाच पक्कं झालं. विक्रेत्याने वापरलेली वस्तू परत घ्यायला नकार दिला; ते पैसे गेले.

पण त्या तीन दिवसांनी एक गोष्ट नीट समजली. जाळीचे चौकोन जितके लहान, तितका जोर जास्त लागतो, आणि थोडाथोडका नाही. दहा सेंटिमीटरच्या जाळीत १२ मिलिमीटरचे चौकोन असतील तर एका दिशेला साधारण आठ पाती येतात, ६ मिलिमीटरचे असतील तर सोळा. कांद्याला एकाच वेळी दुप्पट धारेतून जावं लागतं, म्हणजे जोरही जवळजवळ दुप्पट. शिवाय ही पाती नुसती दाबली जातात, सरकत नाहीत. विळीवर आपण भाजी पुढे ढकलतो तेव्हा पात्याच्या वळणामुळे ती धारेवरून थोडी घसरतेही, आणि घसरत कापलेली वस्तू कमी जोरात कापली जाते. टोमॅटोवर सुरी नुसती दाबून बघा आणि मग ओढून बघा, फरक लगेच कळतो. म्हणून जाळीच्या कटरला घट्ट टोमॅटो चालतो, पिकून मऊ झालेला नाही. बटाटा चालतो, जाड गाजर अख्खं घातलं तर पाती वाकतात.

दुसऱ्या वेळी मी थेट बोहरी आळीत गेले, पिशवीत दोन किलो कांदे, चार बटाटे आणि एक गाजर घेऊन. हॉटेलवाल्यांना सामान देणारी दुकानं तिथे आहेत. तिसऱ्या दुकानातले काका म्हणाले, "कापा की, बघूनच घ्या." तिथे ओतीव लोखंडी सांगाड्याचा, लांब दांड्याचा दाबाचा कटर मिळाला. त्याला स्क्रूने पायाखालच्या फळीला घट्ट बसवता येतं, जाळी चार नटांवर सुटी होते, आणि दाबणारा ठोकळाही धातूचाच, जाळीच्या चौकोनांत बरोबर बसणारा. मी काकांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: याची जाळी सुटी मिळते का, आणि ती आता दुकानात आहे का? अशा जाळीला घरी धार लावता येत नाही. पाती बोथट झाली की जाळी बदलायची असते, आणि जाळी मिळत नसेल तर तो सांगाडा भंगारातच जातो. सुटी जाळी त्यांनी काढून समोर ठेवली. मी दोन्ही घेतल्या, ९ मिलिमीटरच्या. सहाची मोह पडण्यासारखी होती, पोह्यांना अगदी हवी तशी फोड. पण मी स्वतः दांडा दाबून बघितला आणि आठ किलोला थोरल्या मावशींच्या खांद्याचं काय होईल ते डोळ्यांसमोर आलं. पोह्यांतला कांदा किंचित मोठा झाल्याची तक्रार आजवर एकाही मुलाने केलेली नाही.

पोलादाबद्दल एक गैरसमज तिथे भेटला. शेजारचं एक गिऱ्हाईक प्रत्येक पात्याला लोहचुंबक लावून बघत होतं आणि चिकटला की "हलकं स्टील" म्हणून बाजूला ठेवत होतं. डब्याला, पातेल्याला ती परीक्षा काही अंशी ठीक, पण पात्याला उलटी. भांड्यांचं ३०४ प्रतीचं स्टील चुंबकाला सहसा धरत नाही, पण ते तापवून कडकही करता येत नाही, त्यामुळे धार टिकत नाही. सुऱ्यांसाठी ४२० सारख्या प्रतीचं स्टील वापरतात, ते तापवून कडक करतात आणि त्याला चुंबक चिकटतोच. पातं चुंबकाला धरत असेल तर घाबरायचं कारण नाही.

कटर घरी आणला आणि ओट्यावर ठेवला, तर मावशींना दांडा डोक्याच्या उंचीवरून ओढावा लागत होता. दोन दिवसांत खांदा भरून आला. मग सुताराकडून गुडघ्याहून थोडं उंच, जड बाकडं करून घेतलं आणि कटर त्यावर बोल्टने बसवला. दांडा पूर्ण वर असताना तो खांद्याच्या खाली राहायला हवा, म्हणजे हाताच्या जोराऐवजी अंगाच्या भाराने दाबता येतं. हे आधी लक्षात यायला हवं होतं. मशीनइतकीच ते कुठल्या उंचीवर बसणार हीसुद्धा खरेदीची गोष्ट आहे. अर्धा कांदा, कापलेली बाजू जाळीवर, एकच दाब. आठ किलो कांदा चिरायला लागणारी ४५ मिनिटं १५ वर आली. डोळ्यांतलं पाणीही कमी झालं, निदान नव्या जाळीवर. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातलं एक विकर गंधकाच्या घटकांवर काम करून डोळ्यांना झोंबणारा वायू तयार करतं. धारदार पातं पेशी कापतं, बोथट पातं चिरडतं. मावशींचे डोळे पुन्हा वाहायला लागले की जाळी बदलायची वेळ झाली, असं आम्ही आता समजतो.

कोबीसाठी मोठा स्लायसर घेतला, तिरक्या पात्याचा, जाडी बदलता येणारा. त्याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यानेच वाचवला आणि सगळ्यात जास्त इजाही त्यानेच केली.

पहिल्या दिवशी आम्ही जाडी दीड मिलिमीटरवर ठेवली. १८ किलो कोबी ४० मिनिटांत संपला, परातीत बर्फासारखा भुरभुरीत ढीग. भाजी मात्र बिलबिलीत झाली. इतक्या पातळ कोबीला मीठ लागताच पाणी सुटतं, आणि मोठ्या कढईत ते आटेपर्यंत कोबी शिजून लोळागोळा होतो. थोरल्या मावशी लांबूनच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "विळीवरचा कोबी एवढा पातळ नसतोय, दिसतो तसा." विळीवरचा एक तुकडा उचलून मोजला तर जवळपास तीन मिलिमीटर निघाला. दुसऱ्या दिवसापासून तीनवर ठेवला आणि भाजी जागेवर आली. पचडी करायची असेल तेव्हाच पातळ.

तिसऱ्या दिवशी धाकट्या मावशींचं बोट गेलं. गड्ड्याचा शेवटचा तुकडा, आत दांडा, हाताचं रक्षण करणारी पकड बाजूला ठेवलेली कारण ती लावली की चौथा हिस्सा कोबी तिच्यात मावत नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक उतरलं. दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन, आठवडाभर पट्टी. त्या परातीतला सगळा कोबी फेकला. ती वस्तू मी आणली होती आणि तिचा वापर शिकवायला मी पुरेसा वेळ दिला नव्हता. मावशी मला काही बोलल्या नाहीत, पण त्याने माझ्या मनावरचं ओझं उतरलं नाही.

त्यानंतरचे नियम ताईने स्वतः खडूने भिंतीवर लिहिले. स्लायसर वापरताना भाजी धरणाऱ्या हातात न कापणारा हातमोजा घालायचाच. असे मोजे मजबूत धाग्याचे विणलेले असतात, पात्याची घसरती धार अडवतात. टोक टोचलं तर मात्र अडवत नाहीत, हेही सगळ्यांना सांगितलं. मोजा रोज साबणाने धुऊन वाळवायचा, म्हणून तीन आणले. आणि दांड्याजवळचे शेवटचे दोन बोटं कोबी स्लायसरवर न्यायचाच नाही. तो बाजूच्या पातेल्यात टाकायचा, विळीवर संपवायचा. मला विचाराल तर हा दुसरा नियम मोज्याहून महत्त्वाचा. बोट जातं ते भाजी संपत आलेली असताना, उरलेला तुकडा वाया जाऊ नये या आपल्या सवयीपायी.

आता विळी. ती हद्दपार होईल अशी आमची कुणाचीच इच्छा नव्हती, आणि तसं झालंही नाही. विदर्भात तिला पावशी म्हणतात, मालवणकडे आडाळी, आमच्याकडे विळीच. दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात, हे तिचं मोठं बळ. भेंडी चार-चार एकदम, कोथिंबिरीची जुडी, घोसाळी, दुधी, फणसाच्या कुयरीसारखं चिवट काही, सगळं तिच्यावर चालतं. अडचण फक्त बसण्याची होती. म्हणून थोरल्या मावशींची जुनी विळी आम्ही त्याच सुताराकडून उंच बाकड्यावर कायमची बसवून घेतली, समोर स्टूल. पकडीने ओट्याला लावायची विळीही बाजारात मिळते, आधी तीच आणली होती. पण दिवसभराच्या कामाला ती पकड हळूहळू सैल होत जाते आणि हलणारं पातं मला नको होतं. पाट्यावर पाय दाबून बसायची सवय असल्याने मावशींना पहिले आठ-दहा दिवस तोल सापडेना. मग सुताराने बाकड्याला खाली पाय टेकायला आडवी फळी ठोकली, आणि त्या दिवशी त्यांचा हात पूर्वीसारखा चालायला लागला.

आपल्याकडे विळी उभी ठेवू नये म्हणतात, काम झालं की आडवी करायची. बाकड्यावरची विळी आडवी होत नाही. तिला जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा कापून टोपण केलंय, आणि ते घातल्याशिवाय कुणी जागेवरून उठत नाही. महिन्यातून एकदा पाती पाजळून घेतो. लोखंडी असल्याने धुतली की पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. कच्ची केळी आणि वांगी तेवढी स्टीलच्या सुरीने चिरतो, लोखंडावर ती काळी पडतात.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. दोरी ओढायचा चॉपर कांद्याला वाईट: वरचा लगदा, खालचा अख्खा. पण पावशेर लसूण-मिरची-आलं त्यात झटकन होतं, म्हणून एक ठेवलाय. टेबलाला लावून फिरवायची किसणी गाजर-बीटच्या कोशिंबिरीला आणि उपवासाच्या बटाट्याच्या किसाला घेतली, हिवाळ्यात तिचा रोज उपयोग झाला.

धुण्याचा वेळ कुणी मोजत नाही, मी मोजला. कटर सोडवून, जाळी ब्रशने घासून, वाळवून परत लावायला आठ मिनिटं लागतात. कांद्याच्या एका किलोमागे तो पावणेचार मिनिटं वाचवतो. म्हणजे सव्वादोन किलोच्या आत काम असेल तर कटरला हात लावण्यात फायदा नाही. रात्रीच्या स्वयंपाकाला कांदा कमी असतो तेव्हा तो विळीवरच होतो. धाकट्या मावशींनी हे माझ्या हिशेबाआधीच ताडलं होतं. संध्याकाळी त्या कटरकडे फिरकतच नव्हत्या, आणि मी उगाच त्यांना दोनदा टोकलं होतं.

सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास खर्च झाला, त्यात मोडलेल्या चॉपरचे पैसे आणि सुताराची मजुरी धरून. जानेवारीच्या मध्यापासून कोबीच्या दिवशीही डबे सव्वाअकराला निघतात. कोशिंबीर पाच दिवसांवर आली आहे. सहावा दिवस भेंडीचा, तिथे अजून हार आहे. भेंडी ओली राहिली की चिकट होते, म्हणून एकेक पुसायची, आणि चिरताना आत किडलेली निघाली तर ती बाजूला काढायची. दहा भेंड्या एकदम कापणाऱ्या कुठल्याही साधनाला ती कीड दिसत नाही. त्या दिवशी पोळ्या लाटणाऱ्या दोघी अर्धा तास आधी येतात आणि पुसायला बसतात.

स्लायसरचं पातं एप्रिलमध्ये बोथट झालं. धार लावणाऱ्याने ते हातात घेऊन परत दिलं, म्हणाला एवढ्या पातळ पात्याला चाक लावलं तर उडेल. सुटं पातं मिळत नव्हतं. कटरच्या वेळी विचारलेला प्रश्न मी इथे विचारायला विसरले होते. नवा घेताना पातं स्क्रूवर सुटं होणारा घेतला, जोडीला दोन पाती.

थोरल्या मावशी आता सकाळी कांदा दाबून झाला की हात धुतात, उंच विळीपुढच्या स्टुलावर बसतात आणि सहा किलो काकडी चोचवायला घेतात. तेवढी चाळीस मिनिटं त्यांच्याकडे कुणी दुसरं काम नेत नाही.